तीन डोळ्यांचा मासा

शोभेच्या माशांच्या दुकानांत, मग तें अमरावतीचें असो वा अकोल्याचें, पाण्याच्या अगदीं वरच्या थरांत निश्चल उभा असलेला एक पिवळाधमक, लांबट मासा कधीं तरी दृष्टीस पडतो. दुकानदार त्याला ‘गोल्डन वंडर’ म्हणतो. नांव इंग्रजी, म्हणून घेणारा त्याला परदेशी पाहुणा समजून घरीं नेतो. वस्तुतः तो घरचाच आहे. १८४६ सालीं व्हॅलेन्सिएन्स या फ्रेंच शास्त्रज्ञानें या जातीचें वर्णन केलें, तें मुंबईहून मिळालेल्या नमुन्यावरून. आज तिला ॲप्लोकायलस लिनिएटस म्हणतात. मूळचा मासा हिरवट सोनेरी. पिवळा वाण माणसानें पुढें निवडीनें तयार केला. आपल्याच मातींतलें लेंकरूं परक्या नांवानें विकत घ्यावें, असा हा प्रकार आहे.

या माशांच्या समूहास ‘किली’ म्हणतात. तो शब्द ऐकून कित्येकांना मारणें, ठार करणें आठवतें. परंतु तो ओढ्याला असलेल्या एका डच शब्दावरून आला असें मानतात. आपल्या माशाचा एक भाऊबंद त्याच्याही आधीं प्रसिद्धीस आला. फ्रान्सिस हॅमिल्टन या कंपनी सरकारच्या डॉक्टरानें १८२२ मध्यें गंगेच्या माशांवरील आपल्या ग्रंथांत त्याची नोंद केली. बंगाली माणूस त्याला ‘तेचोखा’, म्हणजे तीन डोळ्यांचा, म्हणतो. मल्याळींत या कुळाला ‘मानत्तुकण्णी’, आकाशाकडे डोळे लावलेला, असें नांव आहे. दोन्ही नांवें देणाऱ्यांनीं मासा वरून, पाण्याकडे वांकून पाहिला होता हें उघड आहे. कारण त्याच्या माथ्यावर एक चकचकीत रुपेरी ठिपका असतो. आपण त्याला त्रिनेत्र म्हटलें तर शंकराचा कांहीं उपमर्द होईलसें वाटत नाहीं.

या त्रिनेत्राचा आपल्याशीं खरा संबंध येतो तो विहिरीमुळें. १८९७ सालीं रोनाल्ड रॉस यांनीं सिकंदराबादेस हिंवतापाचा जंतु डांसाच्या शरीरांत दाखविला. पुढें मुंबईंत हा डांस घरोघरच्या विहिरींत वाढतो असें आढळलें, आणि १९११ मध्यें डॉ. बेंटले यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. विहिरी बुजवाव्या, निदान झांकाव्या, असा आग्रह सुरू झाला. पण विहीर म्हणजे कांहीं नुसता खड्डा नव्हे! पारशी, हिंदु, जैन अशा अनेकांच्या धर्मभावना तिच्या पाण्याशीं निगडित होत्या. चर्चगेटजवळची १७२५ सालची भिका बेहरामची विहीर टिकून राहिली, तिच्यामागें हीच श्रद्धा आहे. विहीर उघडी ठेवून डांसांच्या अळ्या खाणारे मासे तिच्यांत सोडावे, हा मग मधला मार्ग ठरला. १९१२ मध्यें कलकत्त्याच्या इंडियन म्यूझियमनें सेवेल आणि चौधुरी यांची अशा देशी माशांवरील पुस्तिका काढली. तिच्यांत त्रिनेत्राच्या कुळास मानाचें स्थान होतें.

घरांत वैद्य असतां बाहेरून वैद्य आणण्याची बुद्धि मात्र आपल्याला झाली. १९२८ सालीं इटलीहून गॅम्ब्युसिया नांवाचा मूळचा अमेरिकन मासा हिंदुस्थानांत आला आणि तळीं-विहिरींतून सोडला गेला. तो अळ्या खातो हें खरें; पण त्याबरोबर देशी माशांचीं अंडीं, पिल्लें व बेडकांचीं पोरेंही खातो. जगांतील अत्यंत उपद्रवी अशा शंभर आगंतुक जीवांच्या यादींत त्याचा आतां समावेश झाला आहे. सुंदरलाल होरा यांनीं मुखर्जींसह देशी मासे ओळखण्याचे तक्ते तयार केले होते. पण तक्ता वाचण्यापेक्षां डबा उपडा करणें सोपें! याच होरांनीं पुढें असा तर्क मांडला कीं, आसामकडील डोंगरी मासे विंध्य-सातपुड्याच्या वाटेनें सह्याद्रीस पोंचले. आपला गाविलगड त्या वाटेवर येतो. या तर्काला पुढें आक्षेप घेतले गेले. त्रिनेत्राचे जवळचे आप्त मात्र मादागास्कर व सेशेल्स बेटांत आहेत. त्याचें गोत्र पश्चिमेकडचें.

घरीं पाळणारानें प्रथम ओळख पक्की करावी. त्रिनेत्राचें डोकें वरून चपटें, तोंड वर वळलेलें, पाठीचा पर शेपटीजवळ सरकलेला. नराच्या अंगावर चमकदार ठिपक्यांच्या रांगा असतात. मादीच्या कुशीवर काळसर उभे पट्टे अधिक ठळक दिसतात. गॅम्ब्युसियाची मादी करडी, पोट फुगलेली. नराचा पोटाकडील मागचा पर काडीसारखा. तो पिल्लें घालतो, त्रिनेत्र अंडीं घालतो.

आपल्या पूर्णाकांठच्या खारपाणपट्ट्यांतील विहिरींचें पाणी जड व खारट, म्हणून कित्येकजण हा नाद सोडून देतात. तसें करूं नये. आफ्रिकेंतील नाजूक किलींना तें मानवणार नाहीं, पण त्रिनेत्र सोशिक आहे; सांठविलेलें पावसाचें पाणी थोडें मिसळलें कीं पुरे. आपला वैशाख मात्र त्यालाही कठीण. टाकी भिंतीच्या सांवलींत ठेवावी, पाणी अर्धेंच बदलावें. आणि झांकण! हा उडी मारण्यांत इतका तरबेज कीं, बोटभर फट राहिली तरी सकाळीं फरशीवर वाळलेला सांपडतो. लहान मासे त्याच्यासोबत ठेवूं नयेत. तोंडांत मावेल तें तो गिळतो. लोंकरीच्या दोऱ्यांचा झुबका पाण्यांत सोडला, म्हणजे मादी त्याला एकेक अंडें चिकटविते. झुबका निराळ्या भांड्यांत ठेवल्यास सुमारें दोन आठवड्यांत पिल्लें बाहेर येतात.

आणि कोणी डांसांसाठीं म्हणून तुमच्या आडांत मासे सोडावयास आलें, तर त्यांतला एक आधीं परातींत घ्या, वरून पाहा, आणि माथ्यावर तो रुपेरी ठिपका आहे कीं नाहीं तें शोधा.