बोलींचे थोर अभ्यासक : मोन्सिन्योर दालगादो

ज्या बोलींत आई मुलाला निजविते व आजी सायंकाळीं रोजरी सांगते, तिला 'अशुद्ध' म्हणून नाक मुरडण्याची चाल सुशिक्षितांत फार जुनी आहे. परंतु अशाच बोलींच्या दारीं शिष्य होऊन बसलेले एक विद्वान कॅथलिक धर्मगुरु आपल्या कोंकण किनाऱ्यावर जन्मले. त्या मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो यांचा अल्प परिचय आम्ही वाचकांस करून देत आहों.

दालगादो यांचा जन्म ८ मे १८५५ रोजीं गोव्यांतील बारदेश प्रांतीं आसगांव येथें झाला. राशोलच्या सेमिनरींत शिक्षण घेऊन १८८१ सालीं त्यांस गुरुदीक्षा मिळाली. पुढें रोम येथें धर्मकायद्याचें उच्च अध्ययन करून ते स्वदेशीं परतले. सिलोन, बंगाल व कानडा मुलखांतील होनावर येथें त्यांनीं सेवा केली. जेथें जावें तेथील लोकांची भाषा शिकावी, हा त्यांचा नेम होता; कारण ज्याची बोली आपणांस कळत नाहीं, त्याचें अंतःकरण तरी कसें कळावें?

१८९३ सालीं त्यांचा कोंकणी-पोर्तुगीज शब्दकोश मुंबईच्या 'इंदुप्रकाश' छापखान्यांत छापून निघाला. गोव्याचे ख्रिस्ती लोक कोंकणी रोमन लिपींत लिहीत असतां त्यांनीं हा कोश देवनागरींत रचला, व शेजारीं रोमन अक्षरांत उच्चार दिला. १८९५ मध्यें ते लिस्बन येथें गेले. तेथें १८९७ सालीं त्यांचें 'हितोपदेशा'चें पोर्तुगीज भाषांतर प्रसिद्ध झालें, आणि १९०७ मध्यें त्यांस संस्कृतच्या अध्यापकाची जागा मिळाली.

तथापि त्यांचें खरें वैशिष्ट्य निराळेंच होतें. पोर्तुगीज व देशी भाषांच्या संगमांतून आपल्या किनाऱ्यावर ज्या मिश्र बोली उत्पन्न झाल्या, त्यांस पंडित लोक 'मोडकी पोर्तुगीज' म्हणून हिणवीत. ऑस्ट्रियाचे विद्वान शुखार्ट यांनीं पत्रव्यवहारानें माहिती मिळवून या विषयाचा पाया घातला होता. दालगादो यांचें आयुष्य तर तीं माणसें जेथें राहत त्याच मुलखांत गेलें होतें. सिलोन व गोवें येथील बोलींवर १९०० सालीं, दमणवर १९०३ सालीं, 'उत्तर प्रांता'वर १९०६ सालीं व नागपट्टणवर १९१७ सालीं, असे त्यांचे ग्रंथ व लेख निघाले. या बोलींसही स्वतःचे नियम आहेत, हें त्यांवरून दिसून आलें. सिलोनच्या बोलींत क्रियापदाचें रूप न बदलतां त्यापूर्वीं 'जा' लावला कीं भूतकाळ, 'लो' लावला कीं भविष्यकाळ होतो! ज्यास नियम आहे, त्यास मोडकें कसें म्हणावें?

'उत्तर प्रांत' म्हणजे परका मुलूख नव्हे. तो मुंबई, साष्टी व वसईकडील आपलाच टापू होय. १७३९ सालीं मराठ्यांनीं वसई जिंकली, तरी येथील कांहीं ख्रिस्ती घरांत ती बोली त्यानंतरही दीर्घकाळ टिकली. मुंबईच्या आसपास ती पुढें लोपली. परंतु रेवदंड्याजवळील कोर्लई गांवच्या कॅथलिक घरांत या कुळांतील बोली आजही ऐकूं येते.

१९१३ सालीं त्यांनीं आशियांतील सुमारें पन्नास भाषांत शिरलेल्या पोर्तुगीज शब्दांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. आपण नित्य उच्चारतों ते पगार, चावी, बटाटा, पाव, घमेलें, पाद्री हे शब्द त्याच वाटेनें आलेले आहेत. १९३६ सालीं या ग्रंथाचें इंग्रजी भाषांतर बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेंत निघालें.

अखेरच्या वर्षांत मधुमेहानें त्यांस ग्रासलें. दोन्ही पाय गमवावे लागले. तरी लेखणी थांबली नाहीं. त्यांच्या महान 'लुसो-आशियाई' शब्दकोशाचे दोन खंड १९१९ व १९२१ सालीं, या पंगु अवस्थेंतच बाहेर पडले. ४ एप्रिल १९२२ रोजीं लिस्बन येथें ते ख्रिस्तवासी झाले. त्याच सालीं त्यांनीं जमविलेल्या कोंकणी म्हणींचा संग्रह प्रसिद्ध झाला.

वाचकहो, आपल्या गांवांतूनही कादोडी, वाडवळी, आगरी अशा बोली नांदत आहेत. मुलें शाळेंत प्रमाण मराठी व इंग्रजी शिकोत. तें अवश्य आहे. परंतु घरच्या बोलीची त्यांस लाज वाटूं लागली, तर आजीचीं गाणीं व म्हणी तिच्याबरोबरच कबरेंत जातील. आज ज्या वृद्ध मंडळींच्या मुखीं त्या आहेत, त्यांच्याजवळ बसून त्या लिहून ठेवणें आम्हांस व आपणांस अशक्य नाहीं. दोन्ही पाय गमावलेल्या एका धर्मगुरूनें जें केलें, त्याचा शतांश तरी धडधाकट माणसांनीं करावा, एवढीच आमची विनंति आहे.