पोरांच्या तोंडी राहिलेला हरिपाठ

दिंडीच्या शंभर वर्षांची हकिकत लिहायला बसलो, तर पहिली अडचण कागदांची आली. सुरुवातीच्या वर्षांतली एक धड वही आमच्याकडं नाही. असणार तरी कुठून? दिंडी काढणाऱ्या थोरल्या मंडळींत सही करणारे थोडे, अंगठा उठवणारे जास्त. पण त्याच मंडळींना ज्ञानोबारायांचा हरिपाठ, नाथबाबांचा हरिपाठ, काकडा आणि एकादशीच्या जागराचे अभंग तोंडपाठ होते. ते आमच्यापर्यंत आलं ते पोरांच्या तोंडून. म्हणून या लेखात आम्ही पोरांच्या पाठांतराचा इतिहास सांगतो.

तुकोबारायांच्या गाथेची इंदुप्रकाश छापखान्याची प्रत १८६९ साली निघाली खरी, पण खेड्यातल्या कुळवाड्याच्या घरात छापील पोथी यायला पुढं कितीतरी वर्षं गेली. १९१७ साल मात्र ध्यानात ठेवण्यासारखं. त्या साली आळंदीला विष्णुबुवा जोग महाराजांनी वारकरी शिक्षण संस्था काढली आणि त्याच साली आपल्या करवीर संस्थानात शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. एकीकडून शिकलेले कीर्तनकार तयार होऊ लागले, दुसरीकडून वाचता येणारी पोरं. पण दोन्हींचा लाभ आमच्या गावाला पोचेपर्यंत विठ्ठलाच्या देवळातली संध्याकाळ हीच आमची शाळा होती.

शिकवायची रीत साधी. दिवेलागणीला पोरं देवळात जमायची. बुवा एक चरण म्हणायचे, पोरं मागनं म्हणायची. दिवसाला एकच कडवं, जास्त नाही. दुसऱ्या दिवशी आधी कालचं म्हणायचं, मग आजचं घ्यायचं. पाटी नाही, पुस्तक नाही. पाय पावलीत आणि हात टाळावर. आमचे एक जुने विणेकरी म्हणायचे, "तोंड इसरलं तर पाय सांगत्यात." आम्ही स्वतः अनुभव घेतलाय. बसून म्हणताना अडलेलं कडवं उभं राहून पावली टाकली की आपोआप येतं.

हरिपाठाची बांधणीच लेकरांच्या सोयीची आहे. अक्षरं मोजून बघा. सहा, सहा, सहा आणि शेवटी चार. पहिले तुकडे यमकानं एकमेकांना धरून असतात, एक आठवला की पुढचा ओढून आणतो. चौथा आखूड, तिथं पोराला दम घ्यायला जागा मिळते. प्रत्येक अभंगाला ध्रुपद तेच फिरून येतं. त्यामुळं ज्याला काहीच येत नाही असं चार वर्षांचं पोरगंही पहिल्या दिवसापासून ध्रुपदाला तोंड उघडतं आणि रांगेत सामील होतं. शेवटी ज्ञानदेवांचं नाव आलं की अभंग संपला हे त्याला कुणी सांगावं लागत नाही. असे सत्तावीस अभंग, काही प्रतींत अठ्ठावीस. रोज कानावर पडलं तर दोन पावसाळ्यांत पोर हरिपाठी होतं.

अर्थ कळत नसताना पाठ करून काय उपयोग, असं शिकलेली मंडळी विचारतात. प्रश्न चुकीचा नाही. आमचं म्हणणं एवढंच, की लहानपणी पाठ झालेलं पुढं नांगर धरताना, वाटेनं चालताना, घरात कुणी गेल्यावर उकलत जातं. पाठच नसेल तर उकलणार काय?

एक गोष्ट मात्र लपवून चालणार नाही. जुन्या रीतीत मार होता, आणि मारापेक्षा वाईट म्हणजे चारचौघांत केलेला पाणउतारा होता. आमच्याच गावात एकदा एकादशीच्या जागराला नऊ-दहा वर्षांचा पोरगा पुढं उभा राहिला. चौदाव्या अभंगाला अडला. बुवांनी मधेच थांबवून खेकसून विचारलं, सगळं देऊळ हसलं. पोरानं टाळ खाली ठेवला तो ठेवलाच. आज ते आजोबा झालेत. मिरज-सांगोल्याच्या वाटेनं पायी पंढरपूर गाठतात, पण दिंडीच्या शेवटी चालतात, आणि ओठ मिटलेले असतात. बुवा मोठे होते, त्यांचे उपकार आहेत, तरी ही चूक आमच्या दिंडीच्या इतिहासात लिहिली पाहिजे असं आम्हाला वाटतं.

दुसरी चूक मुलींची. आयाबाया जात्यावर ओव्या म्हणत, मुली ऐकून शिकत, हरिपाठही भिंतीपलीकडून ऐकून पाठ करत. पण टाळाच्या रांगेत त्यांना जागा नव्हती. फार उशिरा ती मिळाली. आज आमच्या हरिपाठात पुढचा टाळ पोरींचा आहे, आणि खरं सांगायचं तर पाठांतरही त्यांचंच पक्कं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा चढली. राजाराम बंधाऱ्याला ४३ फूट म्हणजे धोका, त्या वर्षी पाणी ५५ फुटांवर गेलं. देवळातली पेटी पाण्यात गेली, पोथ्यांचा लगदा झाला. आम्ही सगळे छावणीत. श्रावणातली एकादशी तिथंच आली. वीणा नाही, मृदंग नाही. पोरांनी जेवणाच्या ताटल्यांवर ठेका धरून हरिपाठ सुरू केला. मधे दोन अभंग गाळले गेले, कोपऱ्यातल्या एका म्हातारीनं ते हळूच भरून काढले. त्या रात्री कुणाला पोथीची आठवण झाली नाही.

आता वेगळीच अडचण आहे. पोरं मोबाईलवर ऐकून शिकतात. शब्द शुद्ध येतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण चाल सगळ्या महाराष्ट्राची एकच झाली. आमच्या दिंडीची हरिपाठाची जुनी चाल संथ होती, ध्रुपदाला एक हेलकावा होता. ती पुरती येणारी दोनच माणसं गावात उरलीत. गेल्या कार्तिकापासून दर गुरुवारी दोघं देवळात येऊन बसतात. पोरं आठ-दहा येतात, परीक्षा आली की तीन.

येत्या आषाढीला नंदवाळच्या वाटेवर, पुईखडीच्या रिंगणाआधी, ही पोरं जुन्या चालीवर हरिपाठ म्हणणार आहेत. चुकतील. चूक दिसली तर नंतर बाजूला घेऊन जरूर सांगा, माउली, पण म्हणताना मधे थांबवू नका.