घर बांधण्याआधी : गोव्यातील पूर्वतयारीचा क्रम

जागेवर चुन्याच्या रेषा पडल्या आणि पायासाठी खोदाई सुरू झाली की घर बांधायला सुरुवात झाली, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात त्या घराचे बरेचसे भवितव्य त्यापूर्वीच ठरलेले असते. काम थांबविण्याची नोटीस, बँकेत अडलेले कर्ज, भावंडांनी दाखल केलेला दावा या संकटांचे मूळ बहुधा गवंड्याच्या कामात नसते. ते तयारीच्या चुकलेल्या क्रमात असते. गोव्यात हा क्रम असा : आधी मालकी, मग जमिनीचा वापर, त्यानंतर आराखडा व परवाने, आणि शेवटी हंगाम व पैसा.

मालकी कोणाची?

पहिला कागद म्हणजे एक-चौदाचा उतारा. त्यावर सर्व्हे क्रमांक, पोटविभाग, क्षेत्रफळ, कब्जेदारांची नावे, कुळांची व इतर हक्कांची नोंद असते. मात्र हा उतारा कब्जा दाखवितो. मालकीचा अंतिम पुरावा तो नव्हे. मालकी सिद्ध होते ती विक्रीखत, बक्षीसपत्र, वाटणीचा दस्त किंवा पोर्तुगीज काळातील भूनोंदणी यांच्या साखळीवरून. म्हणून किमान ३० वर्षांच्या व्यवहारांचा शोध वकिलाकडून घ्यावा आणि जमिनीवर बोजा नसल्याचा दाखला मिळवावा.

कुळांचा रकाना विशेष काळजीने पाहावा. कूळ कायद्याने कुळाला मिळालेली जमीन शेतीखेरीज अन्य कामासाठी वापरण्यास गोवा भू-वापर नियमन कायदा, १९९१ ने बंदी आहे. ‘इतर हक्क’ या रकान्यात मुंडकाराचे घर किंवा शेजाऱ्याची वाट नोंदलेली असेल, तर तिचाही विचार आराखड्यापूर्वीच व्हायला हवा.

वडिलोपार्जित भाटात घर बांधणाऱ्यांची अडचण वेगळी असते. उताऱ्यावर अनेकदा आजोबांचेच नाव असते आणि भावंडांची वाटणी तोंडीच झालेली असते. अशा जागेवर बांधलेले घर एकाच्या पैशाचे आणि जमीन साऱ्यांची, अशी स्थिती उद्भवते. गोव्यात लागू असलेल्या नागरी कायद्यानुसार मुलगे व मुली समान वारस असतात, आणि विवाहाच्या वेळी वेगळा करार झाला नसल्यास पती-पत्नीची मालमत्ता सामाईक मानली जाते. त्यामुळे बहिणीची आणि भावजयीचीही सही आवश्यक ठरते. सर्वांची संमती असल्यास वारसा दस्त व वाटणीचा दस्त करता येतो. मतभेद असल्यास २०१२ च्या गोवा वारसा कायद्यान्वये न्यायालयात इन्व्हेंटरीची प्रक्रिया करावी लागते. मुंबईत, आखातात वा पोर्तुगालमध्ये असलेल्या भावंडांचे मुखत्यारपत्र, घरात सलोखा असतानाच घेऊन ठेवणे शहाणपणाचे असते.

जमीन कशासाठी?

जमीन आपली असली तरी तिच्यावर घर बांधता येईलच असे नाही. गावांमध्ये प्रादेशिक आराखडा २०२१ आणि शहरी भागांत बाह्यविकास आराखडा जमिनीचा वापर ठरवितो. नगरनियोजन खात्याच्या तालुका कार्यालयातून झोनिंगचा दाखला घ्यावा. जागा वसाहत क्षेत्रात आहे, की बागायतीत, शेतीत अथवा विकासवर्जित उतारावर, हे त्यावरून कळते. जमीन विकत घ्यायची असेल, तर हा दाखला हाती येईपर्यंत इसाराची रक्कम देऊ नये.

समुद्राच्या भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा आणि भरती-ओहोटीच्या नद्यांचे काठ किनारी नियमन क्षेत्रात येतात. तेथे किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाची मान्यता लागते. डोंगरकापणी आणि सखल जमिनीत भराव यांवर नगरनियोजन कायद्याच्या कलम १७-अ चे निर्बंध आहेत. आड येणारे झाड तोडण्यासाठी वृक्ष संरक्षण कायदा, १९८४ नुसार वन खात्याची परवानगी घ्यावी लागते.

यानंतर जमीन महसूल संहितेच्या कलम ३२ खाली भूरूपांतराची सनद मिळवावी. सनदेवरील क्षेत्रफळ व नकाशा प्रत्यक्ष मोजणीशी जुळतो का, हे तपासून पाहावे.

आराखडा आणि परवाने

नोंदणीकृत वास्तुविशारद किंवा अभियंत्याने आराखडा काढल्यावर नगरनियोजन खात्याची तांत्रिक मंजुरी, आरोग्य खात्याचा ना हरकत दाखला आणि शेवटी पंचायतीचा किंवा पालिकेचा बांधकाम परवाना, असा हा प्रवास आहे. परवान्याची मुदत साधारणतः तीन वर्षे असते. काम लांबल्यास मुदत संपण्यापूर्वी नूतनीकरण करावे. घरपट्टी भरली किंवा घर क्रमांक मिळाला म्हणजे बांधकाम कायदेशीर झाले, असे होत नाही. मंजूर आराखड्यात मनाने केलेले बदल शेवटी भोगवटा दाखल्याच्या वेळी आडवे येतात.

पाऊस आणि दगड

गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणून जागा दोनदा पाहावी : जुलैमध्ये, पाणी कोठून वाहते व कोठे तुंबते ते कळण्यासाठी, आणि मे महिन्यात, शेजारच्या विहिरींना किती पाणी उरते ते पाहण्यासाठी. शौचटाकीची जागा विहिरीपासून लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला ठेवावी.

जांभा दगड खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवेत उघडा राहिल्यावर कठीण होतो. ताजे चिरे लगेच न वापरता काही काळ रचून ठेवणे आणि मातीने भरलेल्या छिद्रांचे चिरे बाजूला काढणे हिताचे. उंच जोते, उतरते छप्पर, रुंद पागोळ्या आणि दारापुढील बल्कांव ही जुन्या घरांची रचना याच पावसातून घडली आहे. नव्या आराखड्यातही तिचा उपयोग होतो.

पैसा आणि करार

अंदाजपत्रकात केवळ भिंती व स्लॅब धरून चालत नाही. सनदेचे शुल्क, विहीर, कुंपण, शौचटाकी, वीजजोडणी यांचा खर्च मांडून त्यावर किमान दहा टक्के राखीव ठेवावा. कंत्राटदाराशी लेखी करार करावा. त्यात साहित्याचा दर्जा, मोजमापाची पद्धत, मुदत आणि पाया, जोते, स्लॅब, गिलावा अशा टप्प्यांनुसार हप्ते स्पष्ट असावेत. काँक्रीटवर साध्या सिमेंटसाठी किमान ७ आणि मिश्र सिमेंटसाठी किमान १० दिवस पाणी मारण्याची अटही त्यात लिहावी. शेवटच्या हप्त्याचा काही भाग पहिला पावसाळा सरेपर्यंत राखून ठेवल्यास गळतीची दुरुस्ती वेळेवर होते.

पुढची चतुर्थी नव्या घरात, असा संकल्प अनेक कुटुंबे करतात. तो पाळायचा तर उलटी मोजणी करावी. मेअखेर छप्पर पूर्ण व्हायचे असेल, तर दिवाळीनंतर लगेच पाया खणायला हवा. त्यासाठी परवाना दिवाळीपूर्वी हाती हवा, आणि सनद व वारसा दस्त त्याहूनही आधी. म्हणजेच कागदांना त्याच्या आदल्या वर्षीच हात घालावा लागतो.