दवंडी आणि शेजार

कर्जापायी घर जाणे हा कायद्याच्या दृष्टीने दोघांमधला व्यवहार असतो. एक धनको, दुसरा ऋणको. न्यायालयाच्या कागदांत तिसऱ्याचे नाव सहसा येत नाही. परंतु घर हे भांड्याकुंड्यांसारखे उचलून नेता येत नाही. ते जेथे उभे असते तेथेच जाते, आणि त्याच्या भिंतीला भिंत लावून शेजारी राहत असतात. दिवाणी कायद्यानेही हे ओळखले आहे. स्थावराची जप्ती मिळकतीच्या जागी वा तिच्यालगत ढोल वाजवून किंवा रूढ रीतीने पुकारावी आणि हुकमाची प्रत ठळक जागी चिकटवावी, असा त्यात नियम आहे. दवंडी ऋणकोपेक्षा शेजाऱ्यांनाच अधिक ऐकू जाते. मग ती ऐकून शेजाऱ्याने काय करावे? विशेषतः ज्याचे घर चालले आहे तो आजवर आपल्याला तापच देत आला असेल, तर काय करावे? ह्या प्रश्नाचे एक उत्तर १८७४ साली पुणे जिल्ह्यातील एका खेड्याने दिले. त्या उत्तराचा विचार आज पुन्हा करावा असे आम्हांस वाटते.

शिरूर तालुक्यातील करडे हे ते खेडे. तेथील बाबासाहेब देशमुख कर्जात बुडालेले होते. काळूराम नावाच्या मारवाडी सावकाराने त्यांच्यावर दीडशे रुपयांचा हुकूमनामा मिळविला आणि १८७४ च्या डिसेंबरात त्याच्या बजावणीत देशमुखांचे घर पाडून टाकले. एवढीच घटना. अशी घरे त्या काळी अनेक गेली असतील. पण हे घर पडले आणि सारे गाव पेटून उठले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. देशमुखी हे मुळात वसुलीचे वतन. देशमुखाविषयी रयतेच्या मनात आदर असे, तसा धाकही असे. आणि धाकाच्या पोटी प्रेम क्वचितच जन्मते. सभासदाच्या बखरीत वर्णन आहे की देशमुख वाडे, हुडे, कोट बांधून रयतेला नागवीत, म्हणून शिवाजीमहाराजांनी त्यांचे ते कोट आणि हुडे पाडून टाकले. तेव्हा देशमुखाच्या भिंती पडल्या आणि रयतेने सुटकेचा श्वास टाकला. दोन शतकांनंतर करड्यास पुन्हा देशमुखाचे घर पडले, तेव्हा मात्र रयत त्याच्या बाजूने उभी राहिली. हा फरक का पडला?

तो माणसांत नव्हता, रीतीत होता. इंग्रजी अंमलापूर्वीही सावकार होता आणि त्याचे व्याजही जबर होते. तो दारात धरणे धरी, तगादा लावी. परंतु वाद चिघळला तर गावच्या पंचायतीपुढे जावे लागे. व्याज मुद्दलापेक्षा अधिक वसूल करता येऊ नये, ही दामदुपटीची मर्यादा जुन्या हिंदू धर्मशास्त्राने घातलेली होती. मुख्य म्हणजे सावकाराला गावातच राहावयाचे असल्यामुळे गावाची मर्जी सांभाळावी लागे. १८५९ साली नवी दिवाणी संहिता आणि नवा मुदतीचा कायदा आला, आणि हे सारे बदलले. मुदतीचा कायदा ऋणकोच्या हितासाठी होता. साध्या कर्जरोख्यावर तीन वर्षांच्या आत दावा लावलाच पाहिजे, असे त्याने ठरविले. प्रत्यक्षात सावकार दर तीन वर्षांनी जुना रोखा फाडून मुद्दल आणि व्याज मिळून नवा रोखा लिहून घेऊ लागला. निरक्षर शेतकरी अंगठा उठवी. न्यायालयापुढे केवळ शेवटचा कागद जाई, त्यामागचा हिशेब जात नसे. तालुक्याच्या गावी खेटे घालण्याची ऐपत नसल्याने शेतकरी गैरहजर राही आणि निकाल एकतर्फी लागे. गावाचे मत विचारण्याची कोणास गरजच उरली नाही.

त्यात काळही फिरला. १८६१ ते १८६५ ह्या अमेरिकन यादवी युद्धाच्या वर्षांत कापसाला सोन्याचा भाव आला आणि दख्खनच्या शेतकऱ्याला हवे तेवढे कर्ज मिळू लागले. युद्ध संपले, भाव कोसळले, उसनवारी आटली. आणि नेमक्या ह्याच सुमारास तीस वर्षांची जमीनमोजणी संपून सारा वाढविण्यात आला. एका बाजूने सरकार, दुसऱ्या बाजूने सावकार, असा तो कात्रीत सापडला.

करडेकरांनी पहिल्याने काठी उचलली नाही, हे त्यांच्या लौकिकास शोभण्यासारखे आहे. त्यांनी सावकारांशी व्यवहार तोडला. त्यांच्या दुकानी कोणी जाईना, त्यांच्या घरी कोणी पाणी भरीना, चाकरीला राहीना, न्हावी हजामत करीना. गावकीच्या हाती जे होते ते सर्व त्यांनी वापरले. अखेर सावकारांनी चंबूगबाळे आवरून तालुक्याच्या ठाण्याची वाट धरली. ह्या बहिष्काराचे लोण गावोगाव गेले. मात्र १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी त्याने दंग्याचे रूप घेतले. सावकारांची घरे-दुकाने लुटली गेली. पुढे पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील तीसहून अधिक गावांत खतेपत्रे हिसकावून घेऊन जाळण्यात आली. माणसांच्या जिवावर लोक फारसे उठले नाहीत. त्यांचा सारा रोख कागदांवर होता. ९५१ जणांना अटक झाली आणि ५०१ जणांना शिक्षा झाल्या.

ही कथा आपण शाळेपासून अभिमानाने ऐकतो. परंतु तिची दुसरी बाजू सहसा सांगितली जात नाही. सावकारी करणारे ब्राह्मण आणि इतर स्थानिक जातींचे लोकही होते. दंग्यात मात्र मारवाडी आणि गुजर सावकारच प्रामुख्याने लुटले गेले; एकाच गावात दोन्ही प्रकारचे सावकार असले तरी बहुधा पहिल्यांना कोणी हात लावला नाही. व्याजाचा दर परप्रांतीयाचा आणि गाववाल्याचा असा वेगळा असतो काय? तेव्हा हा राग केवळ अन्यायाविरुद्ध नव्हता, 'बाहेरच्या'विरुद्धही होता, असे म्हणणे भाग पडते. काळूरामही करड्याचा शेजारीच होता. त्याचे वर्तन कठोर होते हे खरे. पण जे सावकार त्याच्याइतके कठोर नव्हते, त्यांचीही दुकाने जळाली ती त्यांच्या बोलीमुळे आणि पागोट्यामुळे.

आम्ही केंद्र सरकारच्या कचेरीत कारकुनी करणारी माणसे बदलीच्या हुकमासरशी परमुलखात बिऱ्हाड थाटतो. जेथे राहतो तेथे आमची बोली वेगळी, सण वेगळे, स्वयंपाकाचा वासही वेगळा. म्हणून करड्याची कथा वाचताना आमचे मन एकाच वेळी दोन ठिकाणी उभे राहते. रक्ताने आम्ही त्या गावकऱ्यांचे, आणि आजच्या जागेने त्या पागोटेवाल्यांचे.

दंग्यानंतर चौकशी आयोग बसला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या मदतीचा कायदा झाला. शेतकऱ्याला कर्जापायी कैद करण्यास त्याने बंदी केली, आणि शेवटच्या रोख्यावर न थांबता व्यवहाराचा मूळ हिशेब तपासण्याचे काम न्यायालयावर टाकले. न्यायमूर्ती रानडे यांनी ह्याच कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केले. पुढे १८८२ च्या दिवाणी संहितेत शेतकऱ्याच्या राहत्या घराचे लाकूडसामान जप्तीतून वगळलेले दिसते. १९०८ च्या संहितेच्या साठाव्या कलमात शेतकऱ्याचे राहते घरच जागेसकट आले, आणि १९७६ साली मजूर व घरगडी यांच्या घरांचाही त्यात समावेश झाला. नेसूची वस्त्रे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण ही तर सर्वांचीच सुरक्षित. आम्हां कारकुनांच्या पगाराचा मोठा भाग ते कलम राखते. घर मात्र राखीत नाही!

गहाण घराची गोष्ट निराळी. २००२ च्या कायद्याने बँकांना न्यायालयात दावा न लावता असे घर ताब्यात घेता येते. साठ दिवसांची नोटीस, दारावर चिकटविलेला कागद, आणि दोन वर्तमानपत्रांत जाहिरात, त्यांतील एक स्थानिक भाषेतील. दवंडी छापखान्यात गेली, एवढाच फरक. आमच्या वस्तीतील एक कुटुंब असेच गेले. त्यांच्यापायी वस्ती गांजलेली होती. पाण्याच्या टाकीवरून रोजची कटकट, जिन्यात अडगळ, मध्यरात्रीपर्यंत आरडाओरडा. कागद लागला तेव्हा बऱ्याच जणांच्या तोंडून 'सुटलो' असा उद्गार निघाला. ताबा घेण्याच्या दिवशी आतील सामानाची यादी झाली, तिच्यावर दोन साक्षीदार हवे होते. ज्या गृहस्थांशी त्या कुटुंबाचे सर्वांत अधिक भांडण, तेच पुढे झाले. सही करण्याआधी त्यांनी मुलांची शाळेची पुस्तके आणि देव्हारा वेगळा काढावयास लावला, आणि मगच पेन हाती घेतले. त्यांनी भांडण मिटविले नाही की कर्ज चुकविले नाही. ते कुटुंब आपल्या गुणदोषांसह गेले.

करड्याच्या लोकांजवळ बहिष्कार होता. आजच्या शेजाऱ्याजवळ एक सही आहे. कर्ज घेतले ते फेडले पाहिजे, आणि न फेडल्यास घर जाईल, ह्या नियमाशी आमचा वाद नाही. त्यावाचून कोणी कोणाला कर्जच देणार नाही. पण वसुलीस किती कठोर होता येईल ह्याची मर्यादा आजवर कायद्याने आपण होऊन क्वचितच आखली. ती आखली गेली ती पाहणाऱ्यांनी पाहून न पाहिल्यासारखे केले नाही म्हणून. आणि पाहणाऱ्यांनीही आपली मर्यादा विसरली की काय होते, हे सुप्याने दाखविले. शेजारी आवडता असो की नावडता, गावचा असो की परमुलखाचा, दवंडी वाजेल तेव्हा त्याच्या दारी माणूस म्हणून उभे राहावे. शेजारधर्म ह्या जुन्या शब्दाचा ह्याहून वेगळा अर्थ आम्हांस ठाऊक नाही.