शिवराईची साक्ष

तळवलीतल्या आमच्या घराचा पाया खणताना एक शिवराई सापडली होती. मी तेव्हा शाळेत होतो. हिरवट पडलेलं ते तांब्याचं नाणं चिंचेने घासून लख्ख केलं. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. मग काय! आपलं गाव शिवकाळापासूनचं आहे, असं पुढची कित्येक वर्षं मी भेटेल त्याला ठणकावून सांगत होतो.

नाण्यांविषयी थोडं वाचायला लागलो आणि आवाज खाली आला.

पहिली अडचण काळाची. शिवराई महाराजांनी सुरू केली खरी, पण तोच मजकूर असलेल्या शिवराया पेशवाईतही पाडल्या जात होत्या आणि एकोणिसाव्या शतकातही हातोहात फिरत होत्या. म्हणजे नाणं एवढंच सांगतं की आपण ज्या थरात सापडलो तो थर आपल्याहून जुना नाही. किती नंतरचा, ते एकटं नाणं सांगू शकत नाही.

मग नाण्यावरून इतिहास कळतो तरी कसा? आपल्याकडचं उत्तम उदाहरण म्हणजे नाशिकजवळचं जोगलटेंभी. तिथे १९०६ साली चांदीच्या १३,००० हून अधिक नाण्यांचा साठा मिळाला. सगळी क्षहरात क्षत्रप नहपानाची. पण त्यातल्या सुमारे दोन-तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा मारलेला! काही नाण्यांवर तर खालून नहपानाचा चेहरा अजून डोकावतो.

नाशिकच्या पांडवलेण्यातल्या शिलालेखात गौतमीपुत्राची आई बलश्री सांगते की त्याने क्षहरातांचा वंश निर्मूल केला. आता, आईने मुलाची केलेली स्तुती, तीही त्याच्या मागे कोरलेली. शंका घ्यायला जागा होती. जोगलटेंभीच्या साठ्याने तिला दुजोरा दिला. हरलेल्याचा पैसा जिंकणाऱ्याच्या ठशाखाली आला होता, आणि दोघांच्या मध्ये तिसऱ्या कुणाचं नाणं नव्हतं.

हे कळलं ते साठा एकत्र मोजला गेला म्हणून. हीच नाणी सुटी होऊन सराफाच्या मुशीत गेली असती, किंवा एकेक करून हौशी संग्राहकांकडे पोचली असती, तर 'दोन-तृतीयांश' हा आकडा कुठून आला असता? 'मध्ये तिसरा कुणी नाही' हे कुणाला कळलं असतं?

परत माझ्या शिवराईकडे. मध्यंतरी वडिलांना सहज विचारलं, नेमकी किती खोल सापडली होती हो? ते म्हणाले, "अरे, पाया घेण्याआधी तिथे भराव टाकला होता. मुरूम बाहेरून आणला होता ट्रकने."

कुठून? त्यांना आठवेना.

झाली दुसरी अडचण, जागेची. नाणं मुरुमातलं की खालच्या मूळ जमिनीतलं? त्याला चिकटलेल्या मातीवरून कुणा जाणकाराला कदाचित काही सांगता आलं असतं. ती माती तर मीच चिंचेच्या पाण्यात धुऊन टाकलेली.

तळवली जुनी नाही असं मी म्हणत नाही. फक्त त्याची साक्ष या शिवराईकडून काढता येत नाही, आणि ते तोंड बंद करण्यात माझाही हात आहे.

शिवराई आजही देव्हाऱ्यात आहे. तिच्याखाली एक चिठ्ठी ठेवलीय: 'घराच्या पायात सापडली. वर बाहेरून आणलेल्या मुरुमाचा भराव. खोली माहीत नाही. घासलेली आहे.'

उशीर झालाय, पण निदान पुढच्या पिढीने माझ्यासारखं ठणकावून सांगू नये.