ट्रायफलचे थर

एका श्रोत्यानं विचारलंय, "नौदलाच्या ध्वजावरचा सेंट जॉर्जचा क्रॉस २०२२ मध्ये गेला, मग तुमच्या मेसमधलं ट्रायफल पुडिंग कधी जाणार?" प्रश्न खोचक आहे, पण रास्त आहे. नोकरीभर मी ते खाल्लं आणि आता येलहंक्यात मराठी मंडळींच्या वर्षाखेरीच्या संमेलनाला स्वतः करतो. तेव्हा उत्तर देणं आलंच.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस थॉमस डॉसनच्या इंग्रजी पाकपुस्तकात ट्रायफल सापडतं, पण त्यात ना केक, ना कस्टर्ड. साखर, आलं आणि गुलाबपाणी घालून गरम केलेली क्रीम, बस्स. म्हणजे आपल्या बासुंदीची लांबची मावशीच! दारूत भिजवलेली बिस्किटं खाली आणि कस्टर्ड वर, हे अठराव्या शतकातलं, जेलीही तेव्हाचीच. आणि ज्याला आपण अस्सल म्हणतो ते पावडरचं पिवळं कस्टर्ड? बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डच्या बायकोला अंडी सोसत नव्हती, म्हणून त्यानं १८३७ मध्ये ते कॉर्नफ्लॉवरवर बेतलं. बिनअंड्याचं ट्रायफल म्हणजे देशी तडजोड, असं नाक मुरडणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगतो. पुढे १९५६ मध्ये पुण्यात वीकफील्ड सुरू झाली आणि कस्टर्ड पावडर मराठी फडताळात हक्कानं जाऊन बसली.

इकडे बंगळूरची छावणी १८०९ ची. छावणीमागून मेस आली, मेसमागून पुडिंग. पण करणारे हात खानसाम्याचे. शिळा केक वाया जाऊ द्यायचा नाही, शेरी नसेल तर रम शिंपडायची, फळ म्हणून डब्यातला अननस. या डब्यामागे शास्त्रही आहे. ताज्या अननसातलं एन्झाइम जिलेटिनमधलं प्रथिन तोडतं आणि जेली गोठतच नाही. डबाबंद करताना फळ तापवलेलं असतं, म्हणून ते चालतं. हे खानसाम्याला कुठल्या इंग्रजानं शिकवलं नसावं, असं माझं मत. मग या पदार्थातलं इंग्रजांचं नेमकं काय काढून टाकायचं? नाव बदला हवं तर. थर तर कधीच बदललेत.

आमच्या संमेलनात शाकाहारी बरेच, म्हणून जिलेटिन बाद. या भागातली बंगलोर ब्लू द्राक्षं आंबटगोड, जाड सालीची, बियांची. ती शिजवून गाळायची. अर्धा लिटर रसाला लहान चमचाभर चायना ग्रासची पूड घालून दोन मिनिटं खळखळून उकळायचं. ही जेली फ्रिजशिवाय गोठते, हॉलवर नेताना वितळत नाही. खाली केक, त्यावर ती कोमट असतानाच ओतायची. कस्टर्ड मात्र पूर्ण गार झाल्याशिवाय वर घालू नका. रम वेगळ्या बाटलीत ठेवतो. ज्याला हवी तो वाटीत घालून घेतो. काचेचं मोठं भांडं आदल्या रात्रीच भरून ठेवायचं, म्हणजे सकाळपर्यंत केकमध्ये रस मुरतो.