विद्युतअग्रावरचा प्रकाश : एका विलंबाचा इतिहास

ल्युमिनॉलच्या द्रावणातून वीज सोडली असता विद्युतअग्रापाशी उजेड पडतो, असे न्यूटन हार्वे यांनी १९२९ मध्ये नोंदविले. त्यामागील यंत्रणेचा पद्धतशीर अभ्यास मात्र १९६४ मध्ये सुरू झाला. त्या वर्षी हर्क्युलिस यांनी, तसेच व्हिस्को व चॅन्ड्रॉस यांनी, आणि पुढच्याच वर्षी टेक्सास विद्यापीठातील संथानम व बार्ड यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. (यांपैकी संथानम पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे.)

अँथ्रासीनसारख्या वलयी हायड्रोकार्बनचे विद्युतअग्रावर आळीपाळीने ऑक्सिडीकरण व क्षपण केले की धन आणि ऋण मूलक तयार होतात. ते एकमेकांना भेटले की इलेक्ट्रॉनची देवघेव होते, एक रेणू उत्तेजित होतो आणि मूळ अवस्थेत परतताना प्रकाश देतो. प्रयोग देखणा खरा. परंतु हे मूलक पाणी व ऑक्सिजन यांच्यापुढे टिकत नाहीत. द्रावक निर्जल हवा, हवाही काढून टाकलेली हवी. मग रक्ताची तपासणी कशी व्हायची?

टोकेल व बार्ड यांनी १९७२ मध्ये रुथेनियमच्या बायपिरिडीन संयुगापासून असाच प्रकाश मिळविला, पण तोही अॅसिटोनायट्रिलमध्ये. रुबिनस्टाइन व बार्ड यांनी १९८१ मध्ये ऑक्झॅलेटच्या साहाय्याने तो पाण्यात मिळविला. आमच्या मते या इतिहासातील खरे वळण १९६४ नव्हे, तर हेच. आता क्षपणाची वेगळी पायरी उरली नाही. ऑक्झॅलेटचे ऑक्सिडीकरण होताच त्यातून तीव्र क्षपणकारी मूलक निघतो आणि तोच ऑक्सिडीकृत रुथेनियमला उत्तेजित अवस्थेत नेतो. लेलँड व पॉवेल यांनी १९९० मध्ये ट्रायप्रॉपिल अमीन वापरून हेच काम अधिक सोयीचे केले.

रुथेनियमचे संयुग प्रकाश देऊन मूळ रूपात परतते व पुन्हा वापरले जाते. एकच खूण अनेकदा चमकते. शिवाय बाहेरून प्रकाश टाकावा लागत नाही, म्हणून प्रतिदीप्तीच्या मापनात विखुरलेल्या प्रकाशाचा जो त्रास होतो तो येथे नाही. अंधारात काजवा दिसावा, तसे.

प्रतिपिंडाला ही खूण जोडून, चुंबकीय मण्यांनी ती विद्युतअग्रावर धरून ठेवणारे एलेक्सिस यंत्र बोरिंगर मानहाइमने १९९६ मध्ये बाजारात आणले. पुढे ती कंपनी रोशकडे गेली. थायरॉइडसाठी होणारी टीएसएच तपासणी आज अनेक प्रयोगशाळांत याच पद्धतीने होते.